पोसो मुदोची मेजवानी

रुळांचं टोक रानात येऊन थांबलं, तेव्हा तिथल्या माणसांनी पहिलं काम केलं ते विहीर खणायचं. साठ मीटर खाली गेले तरी माती कोरडीच. एकाने वरून दगड टाकला, सगळे कान लावून बसले, पण आवाज काही वर आला नाही. ‘पोसो मुदो,’ तो म्हणाला. मुकी विहीर. पुढं तिकिटांवर आणि फलाटाच्या पाटीवर तेच नाव चढलं. विहिरीत मात्र लोक आधी कचरा टाकू लागले, मग मेलेली कुत्री, आणि वारा पडला की तिचा वास साऱ्या वस्तीवर बसून राहायचा.

एर्मेलिंदा गोरोसितो तेव्हा नऊ वर्षांची होती. साल १९२९. तिचा बाप कुऱ्हाडीवर जगणारा माणूस; सान्तियागो देल एस्तेरोच्या त्या रानात केब्राचोची झाडं तोडून रेल्वेच्या रुळांखाली टाकायचे लाकडी स्लीपर घडवायला आला होता. केब्राचो म्हणजे कुऱ्हाडीचं पातं मोडणारं झाड. त्याचं लाकूड लाल, लोखंडासारखं जड; जमिनीत गाडलं तर शंभर वर्षं कुजत नाही. त्याच लाकडाचे स्लीपर टाकून रूळ रानात आत आले, आणि त्याच रुळांवरून तेच लाकूड बाहेर जाऊ लागलं. या देवघेवीतून पोसो मुदो उभं राहिलं.

पाणी गाडीने यायचं. मंगळवारी आणि शनिवारी मालगाडीला टाकीचा डबा जोडलेला असे. बायका पहाटेपासून रॉकेलचे रिकामे डबे घेऊन रांगेत उभ्या. त्या पाण्याला गंजाची चव असायची, वर तेलाचा तवंग तरंगायचा, आणि तरीही बायका त्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. एर्मेलिंदाला लहानपणापासून त्या पाण्याची किळस. फडक्यातून दोनदा गाळल्याशिवाय ती पीत नसे. “राणीसाहेब आल्या,” बायका म्हणायच्या. “सरका गं, त्यांना झऱ्याचं पाणी द्या!”

वस्ती वाढली तशी शाळा आली, पोलिसचौकी आली, लाल शर्टवाला फुटबॉलचा संघ आला, माती चोपून नाचायचं अंगण झालं. महायुद्धाच्या वर्षांत तर पोसो मुदो नुसतं फुगलं. परदेशी कोळसा येईना, इंजिनं लाकडावर धावू लागली, आणि स्टेशनाशेजारी सरपणाच्या राशी घरांपेक्षा उंच झाल्या. सातशे माणसं होती तेव्हा. एर्मेलिंदाचं लग्न झालं होतं रुदेसिंदो पासशी. तो आधी कुऱ्हाडवाला होता, मग रूळ टाकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या टोळीत गेला. ती फलाटावर छपराखाली चूल मांडून इंजिनवाल्यांना बकरीचा रस्सा आणि राखेत भाजलेली रोटी खाऊ घालायची. तिच्या हाताला चव होती आणि तिचं भांडं स्वच्छ असायचं. दोन्ही गोष्टी त्या मुलखात दुर्मीळ. आजूबाजूला कातडी वाळत घातलेली, माशा घोंगावणाऱ्या, गडी खेचरांच्या हौदात पाय धुऊन तिथंच तोंड धुवायचे.

“तुला देवाने नाक जरा जास्तच दिलंय,” रुदेसिंदो हसून म्हणायचा.

“आणि तुला दिलंच नाही,” ती म्हणायची. तेव्हा ती थट्टाच होती.

१९४६च्या जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, नऊ दिवस गाडी आली नाही. उरलेलं पाणी टाकीत हिरवं झालं. तेच गाळून लोकांनी प्यायलं. त्या आठवड्यात वस्तीतली पाच मुलं गेली. त्यांत एर्मेलिंदाची देलिसिया, तीन वर्षांची. लहान मूल गेलं की देवदूत होतं, रडलं तर त्याचे पंख भिजतात, अशी तिथली समजूत. म्हणून एर्मेलिंदा रडली नाही. तिची शेजारीण निकानोरा ही देलिसियाची धर्ममाता. दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. तिनेच पोरीला कागदाचे पंख लावले. रुदेसिंदोने गाठ पडली म्हणून नापास केलेल्या एका स्लीपरमधून क्रूस घडवला आणि बारक्या पितळी खिळ्यांनी त्यावर नाव ठोकलं. पोसो मुदोत सगळ्यांचेच क्रूस असे होते. केब्राचोचे, पितळी अक्षरांचे. रुळांच्या कडेने एक किलोमीटरवर ते दाटीने उभे असत. उन्हात अक्षरं चकाकायची.

मग झाडं संपली. एका दिवसात नाही संपली, पण संपली. आधी पायी जाऊन तोडायचे, मग बैलगाडीने जाऊन, मग दोन-दोन दिवस लांब. शेवटी काटेरी झुडपांखेरीज काही उरलं नाही. कुऱ्हाडवाले उसाच्या मळ्यांकडे गेले, दक्षिणेकडे कारखान्यांत गेले. एर्मेलिंदाचा मुलगाही ब्यूनोस आयर्सला गेला. चाळीस घरं राहिली. मंगळवारची गाडी बंद झाली, शनिवारची राहिली.

रेल्वेचा फाटा बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा निवडणुकीचा एक उमेदवार बँडबाजा घेऊन आला. फलाटावर चढून त्याने छातीवर हात ठेवला आणि आपल्या आईची शपथ घेतली, की तो जिवंत असेपर्यंत पोसो मुदोचा एक खिळाही कोणी उपटणार नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. एर्मेलिंदाने पाहिलं, भाषण चालू असताना त्याचा माणूस खाली वाकून बुटांवरची धूळ थुंकी लावून पुसत होता, उमेदवाराच्या बुटांवरची, आणि उमेदवार बोलता बोलता एकेक पाय पुढे करत होता. हा शब्द पाळणार नाही, हे तिला तिथंच उमगलं. पण तिने सांगितलं तर कोण ऐकणार? त्या दिवशी तिचा रस्सा हातोहात संपला.

१९६४च्या ऑगस्टमध्ये फाटा बंद झाल्याची नोटीस आली. स्टेशनमास्तर फेर्मिनने गणवेश चढवून, बटणं लावून ती फलाटावर मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर कागदाची घडी खिशात घातली आणि एर्मेलिंदाकडे वळला.

“एर्मेबाई, एक एम्पानादा द्या हो. गरम आहे ना?”

तिने सारण भरून तळलेली ती करंजी त्याच्या हातात दिली. तिथं उभा राहून, ज्यांची घरं आत्ताच मोडली त्यांच्यासमोर, तो ती फुंकर घालून खाऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्याने स्टेशनातलं घड्याळ उतरवलं, घंटा उतरवली, प्रतीक्षागृहातल्या बाकाच्या फळ्याही सोडवल्या.

“हे सरकारी आहे ना, मास्तर?” तिने विचारलं.

“सरकारला कुठं वेळ बघायचीय?” तो म्हणाला. शनिवारच्या शेवटच्या गाडीत त्याची बायको ते घड्याळ मांडीवर घेऊन बसली होती, एखादं बाळ घ्यावं तसं. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

आणि मग रूळ उपटायला बेल्मोंते आला.

लिसान्द्रो बेल्मोंते हा रोसारिओकडचा कंत्राटदार. बारीक अंगाचा, गोड बोलणारा, केसांना सुगंधी तेल लावणारा. त्याने आपल्याबरोबर एक इंजिन, सहा उघडे डबे आणि पाण्याच्या टाकीचा एक डबा आणला. माणसं आणली नाहीत. माणसं इथंच मिळतील हे त्याला ठाऊक होतं.

“लेकरांनो,” तो म्हणाला, “रूळ लोखंडाच्या भट्टीत जायचेत आणि स्लीपर आधीच विकलेत. एकही स्लीपर जाळायचा नाही, एकही चोरायचा नाही. जो माझ्याकडे काम करील त्याच्या घरी पाणी. आणि इथलं काम संपलं की माझ्याच गाडीतून सगळ्यांना सामानासकट मोठ्या लाइनीपर्यंत सोडीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. रांगेत पहिला रुदेसिंदो.

एर्मेलिंदाने चुलीवरून मान वर केली. “तूच टाकलेस ना रे हे रूळ?”

“म्हणूनच तर. कुठला बोल्ट कसा निघतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? कोणीतरी काढणारच. मग मीच का नको?”

“उद्या तुझीच कबर खणायला निघाले, तरी म्हणशील, थांबा, फावडं माझ्याकडे चांगलं आहे.”

तो हसला. त्याला ते बोचलंच नाही, आणि त्या हसण्याचीच तिला पहिल्यांदा शिसारी आली.

पोसो मुदो म्हणजे लाइनीचं टोक. त्यामुळे काम तिथूनच सुरू झालं. फलाटासमोरचे रूळ पहिल्या दिवशी गेले. माणसं पहारी घालून बोल्ट उचकटायची, रूळ डब्यात चढवायची, मग स्लीपर, आणि गाडी तेवढी मागे सरकायची. गाडीबरोबर पाणीही मागे सरकायचं. सोमवारी टाकीचा डबा पोलिसचौकीपाशी होता, बुधवारी सिग्नलच्या पलीकडे, शनिवारी कबरस्तानाच्या जवळ. बायका रिकामे डबे घेऊन रोज आदल्या दिवसापेक्षा लांब चालत होत्या. आणि गंमत म्हणजे त्या खुशीत होत्या. नवरे कामाला, पाणी रोज, आणि पुढं शहर! त्यांच्या गप्पांत आता फक्त विजेचे दिवे असायचे.

“कोमाद्रे, तुझ्या मुलाच्या त्या शहरात नळ घरात असतो म्हणे,” निकानोरा म्हणाली. “तोंड वासून पलंगावर पडायचं, की पाणी तोंडात!”

“मग बुडशील. तुझं तोंड कधी मिटतं का?,” एर्मेलिंदा म्हणाली. निकानोरा खो खो हसली. डोक्यावरच्या डब्यातलं पाणी तिच्या खांद्यावर हिंदकळलं आणि ती हसता हसता शिव्या देऊ लागली.

एर्मेलिंदाने स्वतःबद्दल कधी फार चांगलं मत बाळगलं नाही, आणि याबाबतीत तर नाहीच. टोळीची भाकरी तीच करत होती. बेल्मोंतेने चूल गाडीशेजारी मांडून दिली होती. उपटणाऱ्या हातांना तीच वाढत होती, आणि त्या बदल्यात तिच्या डब्यात इतरांपेक्षा चार बोटं जास्त पाणी पडत होतं. ते पाणी तिने गाळून प्यायलं. घशाखाली गेलं.

वस्तीच्या हद्दीपर्यंतचे रूळ निघाले तेव्हा बेल्मोंतेने जाहीर केलं, रविवारी दुपारी मेजवानी. शेजारच्या जनावरवाल्याकडून त्याने एक कालवड आणवली. किती महिन्यांत कोणी गाईचं मांस तोंडात घातलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी नुसत्या नावाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. अडचण एकच: निखारे कशाचे करणार? काटेरी झुडूप भुर्रकन पेटतं आणि राख होतं. अख्ख्या जनावराला तासन् तास शेक द्यायचा तर जड लाकूड हवं. स्लीपरला हात लावायचा नाही.

“मी बघतो,” रुदेसिंदो म्हणाला. “ते माझ्यावर सोडा.”

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

रविवारी एर्मेलिंदा पोचली तेव्हा आग कधीचीच बसली होती. लांबलचक चरात निखारे लालभडक फुलले होते आणि वर लोखंडी सळ्यांवर कालवडीच्या फासळ्या चुरचुरत होत्या. असे निखारे तिने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. बापाच्या काळातले निखारे. तिला बरं वाटलं, हे ती पुढं कधी विसरली नाही. बोंबो ढोल आणि अकॉर्डियन वाजत होतं. बेल्मोंतेने स्वतः उठून तिला एक फासळी दिली.

“आमच्या सुगरणीला पहिली!”

तिने ती उभ्याउभ्याच खाल्ली. चरबी हनुवटीवरून ओघळली, ती तिने बोटाने निपटली आणि बोट चाटलं. मांस मऊ होतं, धुराचा वास गोडसर होता. तिने दुसरी मागून घेतली.

मग रोट्या भाजायच्या म्हणून ती फावडं घेऊन चराच्या दुसऱ्या टोकाला गेली. फावडं निखाऱ्यांत खुपसलं, उचललं, आणि लाल निखाऱ्यावर तिला ठिपके दिसले. एका ओळीत. लाकूड फुलून तडकलं होतं, पण ठिपके जागच्या जागी होते. पितळी. तिने शाळेत दोन इयत्ता काढल्या होत्या. अक्षरं लावायला तिला वेळ लागायचा. क्रि... सोस... तो... पुढचं राखेत होतं. पण पोसो मुदोत क्रिसोस्तोमा एकच होती. निकानोराची आई. बाळंतपणं करायची. एर्मेलिंदाच्या दोन्ही मुलांची नाळ तिनेच कापली होती.

तिने फावड्याने चर उकरला. खाली आणखी ठिपके. काही वितळलेले. एका जाड तुकड्यावर आडव्या लाकडाची खाच शाबूत होती.

ती कडेला जाऊन ओकली, पण थोडंच पडलं. बाकीचं मांस आतच राहिलं, आणि ते आत आहे हे तिला जाणवत होतं.

टोळीच्या माणसांत रुदेसिंदो सुरीने मांस कापत बसला होता. तिने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

“लाकूड कुठून आणलंस?”

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. “काल संध्याकाळी दोघांना घेऊन गेलो होतो तिकडे. ओरडू नकोस. आपण चाललोच आहोत ना? मागे कोण दिवा लावणार आहे त्यांना?” मग आवाज खाली आणून, जरा अभिमानानेच, तो म्हणाला, “देलिसियाचा नाही काढला. आपला ठेवला. जा, बघून ये.”

ती गेली. कबरस्तान तिथून हाकेच्या अंतरावर होतं. जिथं दाटीने क्रूस उभे असायचे तिथं नुसते मातीचे उंचवटे, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी उपटलेलं ताजं भोक, दात काढल्यावर हिरडी दिसते तसं. त्या सगळ्यांत मधोमध एकच क्रूस उभा होता. खिळे उन्हात चमकत होते. देलिसिया पास. तिच्याच पोरीचा. तो क्रूस पाहून तिला जे वाटलं ते तिने कोणाला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, की तोही जाळला असता तर मी त्याला कदाचित माफ केलं असतं.

ती परत आली, अकॉर्डियन वाजवणाऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याचा हात धरून वाजवणं थांबवलं.

“ऐका,” ती म्हणाली. “हे मांस आपण आपल्या मेलेल्यांच्या क्रुसांवर भाजलंय. रुदेसिंदोने उपटून आणले. सगळ्यांचे. फक्त माझ्या पोरीचा सोडून.”

सगळ्यांचे जबडे थांबले. चरबी निखाऱ्यांवर पडल्याचा चुर्र आवाज तेवढा येत होता. एका म्हाताऱ्याने हातातलं हाड खाली ठेवलं. कोणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. एर्मेलिंदाला वाटलं, आता उठतील. आता रुदेसिंदोला धरतील, धरू देत, मी आड येणार नाही.

“नाहीतरी ते कुजलेच होते,” मागून एक जण म्हणाला.

“केब्राचो कुजतं?” ती वळली. “कोण बोललं? तुम्ही सगळे कुऱ्हाडवाले, जन्म गेला त्या लाकडात, आणि मला सांगता केब्राचो कुजतं?”

ती निकानोरासमोर गेली. “कोमाद्रे, तुझ्या आईचा मी डोळ्यांनी पाहिला. अर्धं नाव अजून आहे त्यावर. चल, दाखवते.”

निकानोराच्या हातात फासळी होती. तिने ती खाली ठेवली नाही. तिचे डोळे एकदा बेल्मोंतेकडे गेले, एकदा गाडीकडे, जिथं तिचा पलंग आणि कोंबड्यांचा खुराडा आधीच चढवलेला होता.

“आईला आता काय कळतंय, एर्मे,” ती हळूच म्हणाली. “आणि ती असती ना, तर म्हणाली असती, खा पोरी, गरम आहे तोवर.”

दोघंतिघं हसले. हसण्याने सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. बेल्मोंते रुमालाने ओठ टिपत उठला.

“बाई, दुःख समजतो मी. पण झालं ते झालं. मीही इथला नाही, मला काय ठाऊक कुठलं लाकूड कसलं? अन्नाचा अपमान करू नये. वाजव रे!”

अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं. जबडे पुन्हा हलू लागले, आधी हळू, मग नेहमीसारखे. एर्मेलिंदा ते बघत उभी राहिली. तिला त्यांचे दात दिसत होते, ओठांवरचा ओशटपणा दिसत होता, आणि तोच ओशटपणा आपल्याही बोटांवर आहे हे तिला ठाऊक होतं.

चराजवळ बायकांनी आणलेले पाण्याचे डबे ओळीने ठेवले होते, काठोकाठ भरलेले. तिने पहिला उचलला आणि चरात ओतला. वाफेचा लोट उठला, राख मांसावर उडाली. तिने दुसरा ओतला. तिसरा ओतेपर्यंत सगळी मेजवानी उभी राहिली होती.

“पाणी! पाणी ओततेय!”

“अगं सटवे, माझा डबा! तासभर रांगेत उभं राहून भरलाय!”

“धरा तिला! वेड लागलंय!”

निकानोराच सगळ्यांत पुढं होती. तिने एर्मेलिंदाच्या केसांना धरलं, डबा हिसकावला, आणि तळाशी उरलेलं ओंजळभर पाणी छातीशी धरून ढसाढसा रडू लागली. आईच्या क्रुसाला न आलेलं रडू तिला पाण्यासाठी आलं. एर्मेलिंदाने तिच्याकडे पाहिलं आणि ती थुंकली. निकानोराच्या अंगावर नाही, जमिनीवर. पण सगळ्यांनी पाहिलं.

बेल्मोंतेचा गोडवा तेवढ्यापुरता गेला. “ही बाई माझ्या गाडीत चढणार नाही,” तो म्हणाला. “नवऱ्याने यायचं तर यावं. एकट्याने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ निवालेल्या चरातून एर्मेलिंदा अर्धवट जळलेली लाकडं वेचत होती. तेवढ्यात गाडी सामान घेऊन मागे सरकू लागली. डब्यांवर रूळ, रुळांवर पलंग, पलंगांवर माणसं. पोरं हात हलवत होती. निकानोराने डोक्यावरून शाल ओढून घेतली होती. पोसो मुदोमधून गाडीने निघालेली ती शेवटची माणसं. वस्ती संपायला पाव तासही लागला नाही.

रुदेसिंदो गाडीत नव्हता. दुपारी तो पहार घेऊन कबरस्तानात आला. ती काळी खोडकं एकेका भोकात उभी करत होती. काहींवर एखादं अक्षर उरलं होतं, बहुतेकांवर तेही नाही. कोण कुठं हे आठवून आठवून ती लावत होती आणि चुकत होती. तो भोकं खोल करू लागला.

“एर्मे, मला वाटलं...”

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “खण.”

सगळी खोडकं रोवून झाल्यावर ते तीन बकऱ्या घेऊन रुळांच्या कडेने चालत निघाले. अकरा किलोमीटरवर एल तोबियानो स्टेशन. ते पोचले तेव्हा तिथले लोक फलाटावर रांग लावून उभे होते. काही आठवड्यांत बेल्मोंतेची गाडी रूळ उपटत तिथवर सरकणार होती, आणि कामासाठी नावं घेतली जात होती. बेल्मोंतेच्या मुकादमाने रुदेसिंदोला ओळखलं. “ये की, तुझ्यासारखा बोल्टवाला दुसरा नाही!” रुदेसिंदोने बायकोकडे पाहिलं. ती बकऱ्यांना झाडाच्या सावलीत बांधत होती. तो रांगेत गेला नाही. तिने तेही पाहिलं. पण तिच्या मनात काही हललं नाही.

पुढची वर्षं ब्यूनोस आयर्सच्या कडेला, मुलाच्या पत्र्याच्या घरात गेली. तिने रुदेसिंदोला टाकलं नाही. त्याचे कपडे धुतले, त्याच्या दम्याला काढे केले, त्याला वेळेवर वाढलं. फक्त त्याने कापलेलं, त्याने वाढलेलं ती खात नसे. तो रविवारी अंगणात मांस भाजायला बसला, की ती दार लावून घेई.

एकदा, सतरा वर्षांनी, दारात निकानोरा उभी राहिली. जाड झाली होती, केस रंगवले होते.

“कोमाद्रे! कुठं कुठं शोधलं तुला! अगं, आम्ही पोसो मुदोवाले दर वर्षी भेटतो. गाणी म्हणतो, जुन्या आठवणी काढतो, सगळे रडतात बघ. काय गाव होतं गं ते! काय माणसं! या वेळी तू यायलाच पाहिजेस.”

“जेवायला काय असतं?” एर्मेलिंदाने विचारलं.

“काय म्हणजे? भाजलेलं मांस, आणखी काय?” निकानोरा म्हणाली. अंगणात रुदेसिंदोच्या खोकण्याचा आवाज आला.

“त्या दिवशीचं अजून धरून बसलीस?” निकानोरा म्हणाली. “तूही खाल्लंस, एर्मे. दोन फासळ्या. मी पाहिलं होतं.”

“खाल्ल्या,” एर्मेलिंदा म्हणाली. “म्हणून तर मला माहीत आहे काय होतं ते.”

तिने माते नावाचा पानांचा कडू चहा केला, कारण घरी आलेल्याला तो द्यायचा असतो. दोघींनी तो एकाच धातूच्या नळीने आळीपाळीने ओढला, शहरातल्या भाड्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलल्या. निकानोरा गेल्यावर एर्मेलिंदाने ती नळी उकळत्या पाण्यात टाकली आणि बराच वेळ उकळू दिली.